आक्काच्या शेजारची जागा

“पाचवं नाव,” अमरसिंह सरांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि कागद खिडकीच्या उजेडाकडे धरला, “गुंडू येसबा आवळे.”

अमरेशच्या हातातला पेन थांबला.

चर्चच्या मंडळीच्या ऑफिसात तिघंच होते. ज्येष्ठ डीकन, म्हणजे मंडळीचे कारभारी, अमरसिंह सर; दुसऱ्या डीकन धोंडुबाई आणि तो. ईस्टरच्या बाप्तिस्म्यासाठी आलेले अर्ज वाचायचं काम चाललं होतं. पहिले चार जण अमरेश घेत असलेल्या बाप्तिस्म्याच्या वर्गातले होते. पाचवं नाव त्याच्या वडिलांचं होतं आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

“देवा माझ्या!” अमरेशच्या आईच्या आठवणीनं धोंडुबाईंनी पदर डोळ्याला लावला. “आक्का असायला पायजे हुती रं आज. तीस वर्सं बाई गुडघ्यावर बसून प्रार्थना करीत हुती ह्या माणसासाठी.”

“तुम्हाला ठाऊक होतं?” सरांनी अमरेशला विचारलं.

“नाही सर.”

“एकाच घरात राहता ना?”

“हो. पण बोलले नाहीत.”

सर निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी कागदाची घडी बरोबर मधोमध घातली. “शनिवारी साडेपाचला डीकनांसमोर साक्ष. बाकीच्यांची होते तशीच त्यांची होईल. मे महिन्यात तुमची पाळकपदाची दीक्षा आहे, अमरेश. लोक बघत असतात.”

अमरेशनं पेनाला टोपण लावलं. त्याचं पाळक म्हणून उमेदवारीचं वर्ष संपत आलं होतं, पण लोक बघत असतात ही धास्ती काही वर्षाभराची नव्हती. ती त्याच्याबरोबरच वाढली होती.

बाप्तिस्त मंडळीत तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. माणूस कळता झाला, आपल्या तोंडानं आपल्या विश्वासाची साक्ष देऊ लागला, की मग त्याला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा. आईबाप ख्रिस्ती आहेत म्हणून पोराचं नाव आपोआप रजिस्टरात चढत नाही. गुंडूमिस्त्री मूळचा कोडोलीचा, ख्रिस्ती घरातलाच. एकोणिसाव्या वर्षी एका म्हाताऱ्या पाळकांनी त्याला विचारलं होतं, विश्वास आहे का? “ठावं न्हाय,” तो म्हणाला. “ठाऊक झालं की ये,” पाळक म्हणाले. मिस्त्रीनं ते अक्षरशः घेतलं. त्याला ठाऊक झालं नाही आणि तो गेला नाही.

दर रविवारी तो एम-एटीवरून बायकोला आणि पोराला चर्चच्या फाटकाशी सोडायचा आणि समोरच्या चहाच्या गाड्यावर पेपर घेऊन बसायचा. बायकोला घरीदारी सगळे आक्काच म्हणत, पोरगासुद्धा; मिस्त्रीला तो आप्पा म्हणायचा. चर्चची बोअरची मोटर, पंखे, माइकचा अँप्लिफायर, सगळं मिस्त्रीच बघायचा. पण दाराच्या आत यायचा तो काहीतरी बिघडल्यावरच.

आत अमरेश वाढत होता. संडेस्कूलमध्ये सगळ्यात जास्त वचनं त्याला पाठ. नाताळच्या नाटकात देवदूत तोच. बाराव्या वर्षी ह्याच ऑफिसात, ह्याच सरांसमोर त्याची साक्ष झाली. त्याआधी आठ दिवस आक्का भाकरी थापता थापता त्याच्याकडून उत्तरं घोकून घेत होती. तो न अडखळता बोलला. सर “शाब्बास” म्हणाले, धोंडुबाईंनी तोंडावरून हात फिरवला आणि त्या दिवसापासून मंडळीत त्याला ‘आमचा छोटा पाळक’ म्हणू लागले. पुढं पाळक होण्याच्या शिक्षणाची, सेमिनरीची चार वर्षं, मग आजऱ्याकडच्या एका लहान मंडळीत दोन वर्षं, मग परत इथं. तुला हे खरंच वाटतं का, असं त्याला मधे कुणी विचारलं नाही. रविवारी सकाळी दाढी करताना आरशात कधीतरी तोच स्वतःला विचारू लागायचा आणि घाईघाईनं तोंड धुऊन टाकायचा.

आक्का जाऊन दोन वर्षं झाली होती.

आप्पांनी अर्ज का दिला, हे अमरेशला नाव ऐकताक्षणीच कळलं होतं. जानेवारीत दफनभूमीच्या कमिटीची सूचना मोबाइलवर आली होती. जागा संपत आली आहे, यापुढं ज्याचं नाव मंडळीच्या बाप्तिस्मा रजिस्टरात आहे त्यालाच जागा मिळेल. मोबाइलवरचं बारीक अक्षर आप्पांना दिसत नाही, म्हणून त्यानंच ती वाचून दाखवली होती.

“म्हंजे माझं नाव रजिस्टरात पायजे?”

“हो.”

“बरं,” म्हणून आप्पा आंघोळीला गेले होते.

बुधवारी दुपारी तो उद्यमनगरात आप्पांच्या दुकानात गेला. मोटर रिवाइंडिंगचं एका गाळ्याचं दुकान, व्हार्निशचा वास कपड्यांत बसणारा. जयसिंगपूरचा एक शेतकरी पंप घेऊन आला होता. तो जाईपर्यंत अमरेश फळीवर बसून राहिला. तळहात पुन्हा पुन्हा पँटला पुसत होता.

“आप्पा, अर्ज दिलाय तुम्ही.”

“दिलाय की.”

“मला बोलला नाहीत.”

“तू पाळक हाईस. वशिला लावला म्हणतील. ऑफिसात द्यायचा म्हणून बोर्डावर लिवलं हुतं, ऑफिसातल्या पेटीत टाकला.”

“शनिवारी विचारतील, बाप्तिस्मा का घ्यायचाय म्हणून.”

“इचारू देत.”

“काय सांगणार?”

आप्पांनी तांब्याच्या तारेचा वेढा अंगठ्यानं दाबून बसवला. “हाय ते सांगणार.”

अमरेशनं रस्त्याकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. “जास्त बोलू नका, आप्पा. दोनच वाक्यं म्हणा. मी माझ्या पापांचा पश्चात्ताप केला आहे आणि येशू माझा तारणारा आहे असा मी विश्वास ठेवतो. बास. सर पुढं काही विचारणार नाहीत. म्हणून बघा एकदा.”

बोलता बोलताच त्याला जाणवलं, आपण आक्काच्या चालीवर बोलतोय. भाकरी थापताना ती अशीच एकेक शब्द सुटा करून म्हणायची.

आप्पांनी वर बघितलं. “हे तू म्हणलंतंस न्हवं, बारा वर्साचा असताना?”

“हो.”

“खरं हुतं?”

दारात एक टेम्पो मागं येत होता, कुणीतरी त्याच्या पत्र्यावर थापा मारत होतं. अमरेशनं टेम्पो लागेपर्यंत तिकडंच बघितलं. मग “येतो मी,” म्हणून उठला.

ते तीन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. आप्पा खरं बोलले तर अर्ज फेटाळला जाणार. आणि पाळकाच्या बापालाच विश्वास नाही, हे रविवारपर्यंत सगळ्या मंडळीत पसरणार. आप्पा शिकवल्यासारखं बोलले, तर ईस्टरला त्यांना घेऊन पाण्यात उतरताना हा बाप्तिस्मा खोटा आहे हे त्याला स्वतःला कळत असणार. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, अर्ज फेटाळला तर आपला म्हातारा एकटा कुठंतरी पुरला जाणार, ही गोष्ट डोक्यातून जात नव्हती.

शनिवारी आप्पा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. भुसा आणि साबणानं हात घासले होते तरी नखांच्या कडा काळ्याच होत्या. पाच डीकन अर्धगोलात बसले होते. आप्पा खुर्चीच्या अगदी कडेवर टेकले. सरांनी प्रार्थना केली. अमरेशनंही डोळे मिटून केली. आप्पांनी शिकवलेलं बोलावं म्हणून, की बोलू नये म्हणून, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

“गुंडूराव,” सर म्हणाले, “बाप्तिस्मा का घ्यावासा वाटतो, तुमच्या शब्दांत सांगा.”

आप्पांनी घसा खाकरला. “सर, माझी मंडळी तिकडं निजलीया.”

“मंडळी?”

“आक्का वो. तिच्याशेजारची जागा मोकळी हाय. पाण्याचा पाइप जायाचा थितनं, म्हणून ऱ्हायलीया. त्यो पाइप म्याच हलिवला गेल्या साली. आता कमिटी म्हणती रजिस्टरात नाव पायजे. म्हणून अर्ज दिला.”

धोंडुबाई खुर्चीतून पुढं वाकल्या. “ते ऱ्हाऊ द्या, गुंडूदादा. इस्वास हाय न्हवं तुमचा? येशूवर? तेवढं सांगा की.” हो म्हणा, हो म्हणा, असं त्यांचं तोंड सांगत होतं.

“तिचा हुता, बाई. त्यो म्या बघितलाय, ह्या डोळ्यांनी. शेवटाला तिच्या अंगात काय ऱ्हायलं न्हवतं, त्यो ऱ्हायलाता.” आप्पा थांबले. “माझा हाय का न्हाय, अजून ठावं न्हाय. उगंच हाय म्हणून कसं सांगू? आन् तुमी मला पाण्यात घालणार.”

सरांनी चष्मा काढला आणि अमरेशकडे वळले. इतक्या वर्षांत ते त्याला नावानंच हाक मारत आले होते. “पाळकसाहेब,” ते म्हणाले, “तुमचं मत?”

अमरेशकडे शब्द होते. सेमिनरीत चार वर्षं तेच तर शिकला होता. विश्वासाचे प्रकार असतात, सर, इतक्या वर्षांची सेवा ही सुद्धा साक्षच आहे. असं थोडं रंगवून बोलला असता तर पाचही माना डोलल्या असत्या, धोंडुबाईंची तर सगळ्यात आधी. त्यानं आप्पांकडे बघितलं. आप्पा त्याच्याकडे साधेच बघत होते. विनवणी नाही, राग नाही. दुरुस्त केलेली मोटर उचलते का नाही, हे बघत उभं राहावं तसे.

“आत्ता देता येणार नाही,” अमरेश म्हणाला. “त्यांना ठाऊक होईल तेव्हा देऊ.”

धोंडुबाईंच्या तोंडून “आगं बाई” निघालं.

“आणि सर, आणखी एक आहे. बुधवारी मी दुकानात जाऊन त्यांना उत्तर शिकवून आलो. काय म्हणायचं ते. ते त्यांनी म्हटलं नाही.”

सरांनी चष्म्याच्या काचा पुसल्या. “हे मला दीक्षा समितीला कळवावं लागेल.”

“कळवा, सर.”

बाहेर येऊन आप्पांनी गाडीला किक मारली. “बस.” कावळा नाक्याच्या सिग्नलला थांबल्यावर आप्पा मान न वळवता म्हणाले, “न्हाय म्हणलास ते बरं केलंस. पर ते दुसरं कशाला सांगितलंस, लेका?”

“होतं म्हणून.”

सिग्नल सुटला. आप्पांनी गिअर टाकला.

मे महिन्यातली दीक्षा झाली नाही. समितीचं दोन ओळींचं पत्र आलं, निर्णय पुढं ढकलला आहे. त्याआधी ईस्टरलाही त्या चौघांना बाहेरगावच्या पाळकांनी बाप्तिस्मा दिला होता आणि अमरेश बाप्तिस्म्याच्या टाक्याच्या कडेला टॉवेल घेऊन उभा राहिला होता. उपासनेनंतर लोक घोळक्यात बोलत उभे असले की आपल्याबद्दलच बोलतायत, असं वाटायचं. बऱ्याचदा ते खरंही असायचं. त्याचे उपदेश मात्र लहान होत गेले. जे स्वतःला धड कळत नव्हतं ते त्यानं सांगायचं सोडलं आणि मग सांगायला फारसं उरायचं नाही.

नोव्हेंबरात समितीनं बोलावलं. देवानं तुम्हाला ह्या कामासाठी बोलावलंय हे कशावरून, असं विचारलं. त्याला उत्तर द्यायला इतका वेळ लागला की एकानं पाण्याचा ग्लास पुढं सरकवला.

“लहानपणी जे म्हणालो ते आईचं होतं,” तो म्हणाला. “आता आहे ते थोडंच आहे. पण ते माझं आहे.”

त्यांनी त्याला दीक्षा दिली. त्या रविवारी काही बिघडलेलं नसताना आप्पा दाराच्या आत आले. बसले नाहीत. चपलांच्या रॅकपाशी भिंतीला पाठ लावून शेवटच्या गीतापर्यंत उभे राहिले.

डिसेंबरात धोंडुबाई गेल्या. लग्न केलेलं नव्हतं, जवळचं म्हणावं असं कुणी नव्हतं. सगळी मंडळीच त्यांची. दीक्षेनंतरचा अमरेशचा हा पहिलाच अंत्यविधी. दफनभूमीच्या कमिटीचा कागद हातात आला आणि त्यावरचा जागेचा नंबर त्यानं दोनदा वाचला. आक्काच्या शेजारचीच जागा. दुसरी मागायची, तर कुठल्या तोंडानं आणि कुणासाठी?

तो दुकानात गेला आणि आप्पांना सांगितलं. आप्पांनी हातातली पकड खाली ठेवली आणि बराच वेळ फडक्याला हात पुसत बसले. स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिले.

“किती वाजता हाय?”

“चारला.”

“थितले दोर कुजल्यात. माझे आणतो.”

चार वाजता दफनभूमीत दीडएकशे माणसं जमली होती. अमरेशच्या हातात पुस्तिका होती. विधीचे शब्द विसरतील म्हणून त्यानं ते सकाळपासून दहा वेळा वाचले होते. प्रार्थना झाली. चार तरुणांनी दोर धरले आणि पेटी उचलली, पण एका बाजूचा दोर सरकला, पेटी कलली आणि बायकांतून आवाज उठला.

“थांबा!” आप्पा गर्दीतून पुढं आले. खड्ड्याच्या कडेला बसून त्यांनी एक दोर स्वतःच्या हातात घेतला. “घाई करू नगा. पावणं, तुमची बाजू हाय तशीच धरा. ह्यो जरा सोडू दे. आता तुमी. हां. हळू. एक-एक वीत.”

शेकडो बोअरमध्ये पंप सोडलेल्या त्या हातांतून दोर पुढं सरकत राहिला. पेटी सरळ, कुठंही न आपटता खाली गेली.

“टेकली,” आप्पा म्हणाले.

त्यांनी दोर वर ओढून घेतले. बाजूच्या, आक्काच्या दगडाकडं एकदा बघितलं आणि अमरेशलाच तेवढं ऐकू येईल असं म्हणाले, “बोलायला माणूस मिळालं तिला.”

अमरेशला पुढचं वाचायचं होतं. त्यानं पुस्तिकेत बोट घातलं, ओळ शोधली. वाचता वाचता त्यानं नजर उचलली. लोक मूठमूठ माती टाकायला रांगेनं येत होते. खांद्यावर दोराचं वेटोळं, डोक्यावरची टोपी काढून हातात धरलेली, असे आप्पा रांगेच्या अगदी शेवटी जाऊन उभे राहिले होते, आपल्या पाळीची वाट बघत.