झोका नसलेली नाव

बोटींचं प्रदर्शन बघायला जायचं म्हणून काकांनी सकाळी दाढी केली, कडक इस्त्रीचा सदरा घातला, आणि पहिल्याच बोटीसमोर उभं राहिल्यावर त्यांना वाटलं की एवढा खटाटोप उगाच केला. समोर पाण्यात एक भलामोठा पांढरा बूट तरंगत होता. खेळाडू घालतात तसला. नाड्या तेवढ्या नव्हत्या.

“हे काय आहे?” त्यांनी विचारलं.

“बोट आहे,” काकी म्हणाल्या. “खाली पाणी दिसत नाही का?”

“पाणी आहे म्हणून तर विचारतोय. दुकानात असता तर जोडीतला दुसरा मागितला असता.”

काकींनी पिशवीचा बंद खांद्यावर सारखा केला. आज दिवसभर हे असंच चालणार, हे त्या घरून निघतानाच धरून चालल्या होत्या.

काकांचा जन्म सुट्टीतल्या बोटी बांधण्यात गेला होता. माल वाहणाऱ्या नाहीत, मासे पकडणाऱ्या नाहीत. ज्यांच्याकडे रविवार आहे पण तो कुठं घालवावा हे ज्यांना सुचत नाही, अशा लोकांच्या. धंदा चैनीचा असला तरी काकांनी तो चैनीनं कधी केला नाही. गुडघे बोलायला लागले तेव्हा कारखाना पुतण्याला विकला. पुतण्या त्याआधी स्वयंपाकघरातली कपाटं विकायचा, आणि चांगली विकायचा. शेड, यंत्रं, साचे, लाकूड, कामगारांचे रुसवेफुगवे, सगळं त्यानं घेतलं. एकच गोष्ट काकांनी स्वतःकडे ठेवली. ‘झोका’ हा शब्द मला विचारल्याशिवाय कुठल्याही बोटीला लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं, आणि पुतण्यानं हातात हात देऊन ते कबूल केलं.

आज तो विचारणार होता. बारा वाजता त्याच्या नव्या बोटीवरचा पडदा दूर होऊन ती पहिल्या फेरीला निघायची होती, आणि तिचं नाव त्याला ‘झोका’ ठेवायचं होतं. “काका, आधी येऊन बघा, मग हो म्हणा,” असं तो फोनवर म्हणाला होता. नाही म्हणायची सोय त्या वाक्यात कुठंच नव्हती, हे काकांच्या तेव्हाच लक्षात आलं होतं.

नाव बाजूनं बघितली की तिच्या वरच्या काठाची एक लांब रेघ दिसते. पुढच्या टोकाशी ती उंच असते, तिथून उतरत उतरत पोटापाशी येते, आणि मागं जाताना पुन्हा जराशी मान वर करते. काकांच्या कारखान्यात ही रेघ कागदावरून लाकडावर सरळ कधीच उतरली नाही. सांगाड्यावर एक लवचीक लांब पट्टी ठोकायची आणि मग काका दूर जाऊन जमिनीवर कुशीवर आडवे व्हायचे, एक डोळा मिटायचे. “मधला खिळा काढ. बोटभर खाली. फार झालं. अर्धं वर.” सुतार तोंडात खिळे धरून ताटकळत राहायचे. कधी सकाळ जायची, कधी अख्खा दिवस. मग काका आडव्यानंच म्हणायचे, “आला झोका,” आणि सगळे चहाला जायचे.

शब्द मुळात काकींचा. लग्नानंतर त्या पहिल्यांदा कारखान्यात आल्या, तेव्हा काका त्या पट्टीशी झगडत होते. “नुसता झोळ पडतोय,” ते वैतागून म्हणाले. काकींनी जरा वेळ बघितलं. “झोळ कसा चालेल? झोळ आळशी असतो, खाली पडून राहतो. तुम्हाला झोका हवाय. झोका परत वर येतो.” काकांनी एक खिळा हलवला. त्या दिवसापासून शब्द कारखान्याचा झाला. कुणी दिला हे कारखाना विसरला, आणि कारखान्याचे मालकही. शेडच्या भिंतीवर त्यांनी मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं: ‘आमच्या प्रत्येक नावेला झोका असतो.’

प्रदर्शनात तरंगत्या फळ्यांच्या वाटेवर निळा गालिचा अंथरला होता आणि दोन्ही अंगांना बोटी बांधल्या होत्या. काका गालिच्यावरून असे चालले होते, जणू पुढच्या पावलाला काहीतरी चिकटणार आहे. एक बोट इस्त्रीसारखी होती. एकीला पुढचं निमुळतं टोकच नव्हतं. सरळ उभी भिंत पाण्यात उतरली होती.

“हिचं नाक कुणी कापलं?”

“त्यानं आत जागा जास्त मिळते म्हणे,” काकींनी पाटी वाचून सांगितलं.

“नाक कापल्यानं तोंडात जागा होते होय?”

पुढच्या बोटीला तिरक्या काळ्या काचा होत्या, डोळे वटारल्यासारख्या. “ही सुट्टीला निघालीय की मारामारीला?” तिच्या शेजारणीच्या पोटाखाली भर दिवसा जांभळे दिवे लागले होते. “मासे वाचत बसतात का तिथं?” आणि सगळीकडे पेला ठेवायचे खळगे. बसायच्या जागेत खळगे, सुकाणूपाशी खळगे, कठड्यावर खळगे. काकांनी आधाराला म्हणून हात टेकला तर अंगठा खळग्यात जाऊन बसला. त्यांनी तो बाहेर काढून रुमालाला पुसला.

टाय लावलेला एक विक्रेता पुढं झाला. “साहेब, या बोटीत तीन संडास आहेत.”

“आणि माणसं किती मावतात?”

“सहा.”

“त्यांना खायला घालता तरी काय?”

विक्रेता हसला नाही. काकी मात्र थांबल्या. “तीन?” त्यांनी हळूच विचारलं, चपला काढल्या, आत जाऊन तिन्ही बघून आल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते काकांनी बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं त्यांना एवढं अचानक वाटलं नसतं.

कारण जमेची बाजू मांडली की खर्चाचीही मांडावी लागते. काकांच्या बोटी देखण्या होत्या, यात वाद नाही. त्यातली एखादी बंदरात शिरली की धक्क्यावर भांडणारी माणसं शिवी अर्धी सोडून बघत राहायची. पण आत बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला लागत, बूड भिजत असे, आणि डोकं वर काढलं की काहीतरी टाळक्यात बसत असे. संडासाच्या जागी बादली होती. बादलीला पडदा नव्हता. पडद्यानं रेघ बिघडते, असं काकांचं म्हणणं. काकी त्या बोटींत दोनदा बसल्या. त्यानंतर त्या धक्क्यावर उभ्या राहून हात हलवू लागल्या, आणि काकांची समजूत अशी की त्यांना पाण्याची भीती वाटते.

पुतण्याची बोट गालिच्याच्या अगदी शेवटी होती. पुढचा अर्धा भाग पडद्याखाली, मागचा उघडा. पुतण्या धावतच आला. “काका! काकी! या, या. चपला इथं टोपलीत ठेवा.”

काका टोपलीपाशीच उभे राहिले आणि त्यांनी बोट बाजूनं बघितली. काठाची रेघ फूटपट्टीनं ओढल्यासारखी सरळ आली होती, मध्येच जिन्यासारखी एक पायरी चढली होती आणि टॉवेल वाळत घालायच्या दांडीपाशी जाऊन मेली होती. त्यावर तीन मजले, साय आलेल्या चहाच्या रंगाचे.

“खाली भांडी, मध्ये डबे, वर न लागणारं सामान,” काका म्हणाले. “तू अजून कपाटंच बांधतोयस.”

पुतण्याला हे कौतुक वाटलं. “एक कोपरा वाया घालवलेला नाही, काका! पण खरी गंमत मागं आहे. चला तर.”

मागच्या डेकवर चकचकीत स्टीलच्या दोन खांबांमध्ये झोका टांगला होता. खराखुरा झोका. पांढरे जाड दोर, गुबगुबीत गादी, दोन्ही हातांशी पेल्याचे खळगे.

काकांनी आधी झोक्याकडे बघितलं, मग पुतण्याकडे.

“भिंतीवर लिहिलंय ना, आमच्या प्रत्येक नावेला झोका असतो,” पुतण्या म्हणाला. “मी जुने सगळे फोटो काढून बघितले. एकाही बोटीत झोका दिसेना! मग मला वाटलं, काकांना करायचा असणार, जमलं नसणार. जागा कुठं होती तुमच्या बोटींत? म्हटलं, काकांचं राहिलेलं आपण करू.” आणि काकांना बसायला म्हणून त्यानं गादी हातानं झटकली.

हीच तर पंचाईत होती. त्यानं थट्टा केली असती तर काकांनी त्याला तिथंच पाण्यात ढकलला असता.

“गाढवा,” ते शेवटी म्हणाले, “झोका म्हणजे झोका नव्हे.”

“मग?”

“झोका म्हणजे रेघ. काठाची रेघ. अशी.” त्यांनी हवेत हात फिरवला, उंचावरून खाली, मग जरासा वर. पुतण्यानं त्या हाताकडे बघितलं, आणि मग हात जिथं थांबला तिथं काही ठेवलंय का, तेही बघितलं.

“म्हणजे डिझाइन?”

“डिझाइन कसलं, डोंबल! नाव लांबून येताना दिसली की माणसाला बरं वाटलं पाहिजे.”

“पण लांबून बघणारा विकत घेत नाही, काका. घेणारा आत बसतो. आत बसल्यावर कुठं दिसते रेघ?”

याचं उत्तर काकांनी आयुष्यभर हातांनी दिलं होतं. तोंडानं द्यायची वेळ कधी आली नव्हती. आता आली तर ते तडकले. “आत बसतो! त्याचं बूड गादीवर, मग बाहेरच्यांनी काय गुन्हा केलाय? धक्क्यावर उभा असलेल्या माणसानं हे का बघायचं? आपल्या घरातला केर दुसऱ्याच्या दारात लोटावा, तशा या तुमच्या बोटी. आतून पुसलेल्या, बाहेरून घाण. नाही. शब्द मिळणार नाही. हिला ‘झोळ’ म्हण. शोभेल.”

“अहो काका, पडद्याखाली पाटी लावून झालीय. लोक जमलेत.”

“विचारायच्या आधीच लावलीस?”

“तुम्ही हो म्हणालच, असं धरलं होतं.”

“अहो,” मागून आवाज आला.

काकी झोक्यावर बसल्या होत्या. पाय डेकवरून सुटले होते, पिशवी मांडीवर होती, आणि दोर जराही न करकरता पुढंमागं होत होते. “इथं पाठ टेकते हो,” त्या म्हणाल्या. एवढंच. पण ते अशा सुरात की काकांनी वळून दोनदा बघितलं.

पुतण्या हाडाचा विक्रेता. गिऱ्हाईक कुठं बसलंय हे त्याला लगेच कळलं. “काकी, तुम्हीच सांगा. नाव शोभतं की नाही?”

“तिला कशाला मध्ये ओढतोस?” काका म्हणाले.

“का? शब्द माझाच होता,” काकी म्हणाल्या. “झोळ पडतोय, झोळ पडतोय म्हणून त्या पट्टीवर चिडला होतात. आठवतंय की नाही?”

काकांना आठवलं. आठवलं त्यापेक्षा, इतकी वर्षं आठवायची तसदी घेतली नव्हती, हे जास्त आठवलं.

“मग प्रश्नच मिटला!” पुतण्या म्हणाला. “काकी, तुम्ही देऊन टाका.”

काकांनी कठडा धरला. अंगठा पुन्हा खळग्यात गेला. या वेळी तो त्यांनी तिथंच राहू दिला. बाईची पाठ टेकली होती. तीन संडास बघून झाले होते. शब्द गेला, असं त्यांनी मनात लिहूनही टाकलं.

काकींनी पायाचा अंगठा डेकला लावून झोका थांबवला.

“नाही रे बाबा,” त्या म्हणाल्या. “तुझी गादी छान आहे. मोरी, संडास तर तुमच्या या नव्या बोटींत फारच छान. पण हे बघ, यांच्या बोटीत मला बसायला कधी धड मिळालं नाही. मिळालं ते बघायला. धक्क्यावर उभी असायचे, आणि लांबून ती रेघ यायची पाण्यावरून. एवढ्या बायका उभ्या असायच्या तिथं, पण ती माझी असायची. माझ्या वाट्याला तेवढंच आलं. ते तुझ्या पाळण्याला कशाला बांधू?”

काकांची मान ताठ झाली. तोंडावर काहीतरी उमलू लागलं.

“आणि तुम्ही गालातल्या गालात हसू नका,” काकी म्हणाल्या. “नाव देत नाही म्हटलं मी. नाव नको असं कुठं म्हटलं? ही बोट फेरी मारायला निघणार आहे ना? मी इथून उठत नाही.”

“काकी, नाव द्यायचं नाही आणि नावेतून उतरायचंही नाही?” पुतण्यानं कळवळून विचारलं.

“नाही,” काकी म्हणाल्या, आणि अंगठा उचलला.

बारा वाजता पडदा दूर झाला तेव्हा पाटीच्या जागी तपकिरी चिकटपट्टीचा चौकोन होता. कुणीतरी नाव विचारलं. “अजून ठरायचंय,” पुतण्या म्हणाला, आणि लोकांना त्यातही काहीतरी नवीन फॅशन दिसली असावी, कारण टाळ्या जोरात पडल्या.

काका तोवर खाली उतरून चपला घालून मोकळे झाले होते.

“चला ना हो,” काकींनी वरून हाक मारली.

“यात? त्यापेक्षा मी पोहत येतो.”

“बरं, मग उभे राहा.”

बोट सुटली. घुरघुरत बाहेर पडली, वळली आणि काकांना अख्खी बाजूनं दिसली. आडवं पडलेलं कपाट, मध्ये पायरी, खाली हिलाही दिवसाढवळ्या पेटलेले जांभळे दिवे. त्यांना मान फिरवावी असं फार वाटलं, पण मान फिरवता येत नव्हती, कारण मागच्या बाजूला झोक्यावर काकी हात हलवत होत्या. न बघणं बरं दिसलं नसतं. काकांनी हात वर केला. धक्क्यावर असं उभं राहायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. ऊन लागत होतं, पाय दुखत होते, आणि बसायला काहीही नव्हतं. इथं उभं राहून ती निदान काहीतरी सुंदर बघत होती. त्यांच्या वाट्याला हे आलं होतं.

शेजारी एक गृहस्थ येऊन उभे राहिले, कपाळावर आडवा हात धरून. “काय देखणी आहे, नाही?” ते म्हणाले.

काकांनी बराच वेळ बघितलं.

“मागं बसलीय ती,” ते म्हणाले. “तेवढीच.”