किनाऱ्याच्या रस्त्यानं

शनिवारी सकाळी बॅट लॉनीनं गाडी धुतली, तेव्हाच त्याच्या मुलीला, फिनूलाला, कळलं की म्हातारा घाबरलाय. एरवी ती गाडी फक्त लग्नाला नाहीतर मयताला धुतली जायची.

डॉक्टरांनी त्याच्या गाडी चालवायच्या परवान्याच्या कागदावर सही करायचं थांबवलं होतं. मुलीला एक दिवस शेजारी बसवून फिर, तिला काय वाटलं ते सोमवारी तिनं फोनवर सांगावं, म्हणाले. परवाना गेला तर रोज दुपारी चारला कॅसलटाउनबेअरच्या शुश्रूषागृहात बॅट जाणार कसा? तिथं किट होती, त्याची बायको. पक्षाघातानं डावी बाजू गेलेली, डोकं मात्र लख्ख. त्यांच्या आर्डग्रूम गावाहून तिकडं बस होती, पण आठवड्यातून दोनदाच.

"जवळची वाट नको," बॅट म्हणाला. "अॅलिहीजवरून, किनाऱ्यानं जाऊ. कॉर्कला प्रयोगशाळेत उंदरांना मार्क देतेस ना? आज बापाला दे."

"उंदीर उलट बोलत नाहीत, बाबा."

कुंपणांवर फ्युशियाची लाल फुलं लोंबत होती. खाली खाडी शिशासारखी राखाडी दिसत होती. समोरून गाडी आली की सलाम म्हणून स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, ही तिथली रीत. न उचलणारा एकतर पर्यटक, नाहीतर बांधावरून भांडलेला चुलतभाऊ. बॅटनं ट्रॅक्टरला बोट उचललं, टपालाच्या व्हॅनलाही उचललं. मग वळणावर उभ्या असलेल्या एका रिकाम्या गाडीलाही उचललं.

फिनूलानं वळून त्या गाडीकडं पाहिलं. आयरीज गाव ओलांडल्यावर उजव्या कडेनं कुत्रा घेऊन चाललेल्या, ओळखीच्या मॉस हॅरिंग्टननं हात वर केला. बॅटचं बोट जागचं हललं नाही.

"मॉसशी बिनसलंय का?"

"मॉस? कुठं होता?"

तेव्हापासून ती मोजायला लागली. येणाऱ्या बहुतेक गाड्यांना तो सलाम करत होता, पण जरा उशिरा, इंजिनाचा आवाज जवळ आल्यावर. वारा लागतोय म्हणत तिनं काचा वर केल्या. पुढच्या सहा गाड्यांपैकी चार सलामाविनाच निघून गेल्या. उत्तर मिळालं, पण आपण बापाला फसवून ते काढलं याची तिला लाज वाटली. तिनं काचा पुन्हा खाली केल्या.

वळणं मात्र त्याच्या मनगटात होती. अॅलिहीजच्या वर, तांब्याच्या जुन्या खाणीपाशी त्यांनी हॅमची सँडविचं खाल्ली. खाली समुद्र खडकांवर आपटत होता.

"किती मार्क झाले?"

"पेपर संपला नाही अजून."

कॅसलटाउनबेअर सात मैल राहिलं असताना रस्त्याचं काम लागलं. एकाच बाजूनं वाहतूक सोडलेली, डाव्या कडेला तात्पुरता दिवा, लाल. बॅटनं वेगसुद्धा कमी केला नाही.

"बाबा, थांबा!"

समोरून मासळीचा ट्रक आला. ब्रेक किंचाळले. दोन्ही गाड्यांच्या नाकांमध्ये हातभर अंतर उरलं. ट्रकवाल्यानं डोकं बाहेर काढलं.

"काय रे बॅट! किटला भेटायची एवढी घाई? दिवा काय नाताळसाठी लावलाय?"

"ऊन डोळ्यांवर आलं रे."

ट्रकवाल्यानं ढगांनी भरलेलं आभाळ पाहिलं, मग फिनूलाकडं पाहिलं. त्याचं हसू ओसरलं. "तू चालव गं पोरी," असं हळूच म्हणून त्यानं ट्रक मागं घेतला.

काम संपलं तिथं बॅटनं गाडी कडेला लावली. त्यानं इंजिन बंद केलं.

"लाल दिसला नाही?"

"दिवाच दिसला नाही."

"कधीपासून?"

"गेल्या हिवाळ्यापासून. नळीतून बघितल्यासारखं दिसतं. आधी वाटायचं, काच मळलीय." तो थांबला. "सोमवारी काय सांगणारेस?"

"पाहिलं ते."

"फिनूला, तुझी आई नर्सच्या हातचा चहा पीत नाही. आणि रस्ता पाठ आहे मला."

"रस्ता आहे पाठ. मॉस नव्हता."

त्यानं किल्ली काढून तिच्या हातात दिली. मग उतरला आणि बॉनेटला हात लावत लावत पलीकडं गेला.

"विमा माझ्या एकट्याच्या नावावर आहे," बसता बसता म्हणाला. "पकडलं तर तुझं काही खरं नाही."

"पकडू दे."

सात मैल तिनं चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. डावीकडं खड्डा आहे, पुढं मेंढ्या असतील, असं तो सांगत राहिला. खड्डा बुजवलेला होता. मेंढ्या मात्र होत्या.

किट खिडकीशी खुर्चीत बसली होती. "वीस मिनिटं उशीर," ती म्हणाली. "कुठल्या वाटेनं आलास?"

"अॅलिहीजवरून."

"एवढ्या लांबून? आणि गाडी नीट चालवलीस?"

फिनूलाला वाटलं, आता तो हो म्हणेल, आणि मग आईसमोर आपल्यालाही गप्प बसावं लागेल.

"मी नाही," बॅट म्हणाला. "फिनूलानं आणलं."

किटनं मुलीकडं पाहिलं, मग नवऱ्याच्या डोळ्यांत बराच वेळ. उजव्या हातानं तिनं त्याची बाही पकडली.

"मग उद्या?"

"उद्या मी आहे, आई," फिनूला म्हणाली.

"आणि सोमवारी, तू कॉर्कला गेल्यावर?"

बॅटनं तिच्यासमोरचा चहाचा कप उचलला आणि तिच्या ओठांशी नेला. "आधी हा पी. गार होतोय."

ती प्यायली. पण बाही काही सोडली नाही.