पारा कुणाचा चढला

मी एक जुना रक्तदाबमापक आहे, पाऱ्याचा. कारखान्यात माझ्या नळीत पारा भरला, तेव्हापासून मला कुणाचीही भीड बाळगता येत नाही. सारी हयात पुरुषांच्या वॉर्डात गेली. पैलवानांचे, कारकुनांचे, एका न्यायाधीशांचेही दंड मी पाहिले. पट्टा आवळला की सगळे सारखेच गप्प बसतात. मित्रांनो, रक्तानं मला कधी गाव किंवा रंग सांगितला नाही आणि मीही विचारला नाही.

आमच्या वॉर्डात एक 'नवी सिस्टर' आहे. तिला येऊन सहा वर्षं झाली. तिच्यानंतर आलेल्या चौघी केव्हाच जुन्या झाल्या, पण ही नवी ती नवीच. कारण ती दूरच्या मुलखातली, रंगानं काळी, आणि तिची बोलण्याची ढब वेगळी.

"ही नको, आपल्यातली कुणीतरी पाठवा," असं एखादा रुग्ण नाक मुरडून म्हणाला, की इन्चार्ज सिस्टरांचा तोडगा तयार असे. बाई मनानं चांगल्या, पण भांडणाला भिणाऱ्या. त्या लगेच खाटा बदलून देत. एका नाजूक काकांच्या बदल्यात नवीच्या वाट्याला अंथरुणाला खिळलेले तीन आजोबा येत. वहीत नोंद व्हायची, 'रुग्णाच्या सोयीसाठी'. वर नवीला "मनावर घेऊ नकोस गं" हे औषध दिवसातून तीनदा.

दरवर्षी सगळ्या सिस्टरांचा रक्तदाब तपासायचा नियम आहे. पण चहा सोडून मला पेटीतून काढणार कोण? इन्चार्ज सिस्टर अकरा जणींपुढे एका दमात 'एकशेवीस-ऐंशी' लिहून मोकळ्या होत. मी न केलेलं काम माझ्या नावावर! मला भयंकर राग यायचा.

परवा चार नंबरच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी नवीला हात लावू दिला नाही. ती मला घेऊन चादरींच्या खोलीत गेली आणि तिनं स्वतःच्याच दंडाला पट्टा बांधला. एकशे ऐंशी. तेवढ्यात इन्चार्ज सिस्टर चादरी न्यायला आल्या.

"बिघडलंय हे," त्या म्हणाल्या. मी बिघडलो म्हणे! त्यांनी स्वतःचा दाब पाहिला, एकशे चोवीस. पुन्हा तिचा पाहिला, एकशे ऐंशी.

"मशीन ठीक आहे, मॅडम," नवी म्हणाली. "माझे वडील याच दुखण्यानं गेले. मला तसं जायचं नाही. मी राजीनामा लिहिलाय."

तरी बाईंची खात्री पटेना. त्यांनी मला चार नंबरकडे नेलं. मुख्याध्यापक एकशे अठरा! अपमान करून गृहस्थ गारेगार, आणि चटके मात्र तिला. इन्चार्ज सिस्टर आकड्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी नवीला हाक मारली.

"सर, यापुढे तुम्हाला हीच बघेल. इथे सिस्टर बदलून मिळत नाही. नको असेल तर उपचार नाकारतो असं लिहा आणि सही करा."

मुख्याध्यापकांनी जन्मभर दुसऱ्यांच्या सह्या घेतलेल्या. स्वतः करायची वेळ आली तशी त्यांनी मुकाट्यानं बाही वर सरकवली. या वेळी एकशे छप्पन्न भरले.

बाहेर आल्यावर इन्चार्ज सिस्टरांनी विचारलं, "आता राहशील ना गं?"

"हे सहा वर्षांपूर्वी का नाही म्हणालात, मॅडम?"



मित्रांनो, माझी काळजी करू नका, मी पेटीत सुखरूप असतो. तिची घ्या. राजीनामा तिनं अजून दिलेला नाही, फाडलेलाही नाही. पट्टा बांधायला ती वाकली की तिच्या खिशात तो कागद वाजतो.