पाटावर उभी केलेली नवरी

देवगाव फाट्यावरच्या शिवकांतअण्णांच्या फोटो स्टुडिओत लग्नसराईत पाणी प्यायला सवड नसते. पुढे काउंटर, मागे तीन कॉम्प्युटर, आणि कोपऱ्यातल्या कपाटात एक सर्व्हर. तिन्ही कॉम्प्युटरवरचं काम त्या एकाच सर्व्हरवर जमा व्हायचं. फोटो सुधारायचं काम त्रिवेणीकडे. तिचा हात असा, की मुरूम जातो, काळवंडलेली मान उजळते, आणि नवरदेवामागे झिंगून उभ्या राहिलेल्या मामाचा तर पत्ताच लागत नाही. फाट्यावरच्या बाया म्हणत, "तिरवेणीच्या हातून गेली की म्हैससुदिक हरणी दिसती."

त्रिवेणीला हसू यायचं. पण तिच्या हाताला आणखी एक काम होतं, आणि त्याची तारीफ कुणी मोठ्यानं करत नसे. नवरी लहान असली की तिला मोठी करायची. गाल भरायचे, हनुवटी रुंद करायची, अंगावर लोंबणारा ब्लाउज भरलेला दाखवायचा. नवऱ्याच्या खांद्याला लागावी म्हणून पोरीला पाटावर उभी केलेली असायची. तो पाट पुसायचा. सोयऱ्यांना अल्बम 'नीट' लागायचा, म्हणजे उद्या ग्रामसेवक विचारायला आलाच तर त्याच्यापुढं टाकता येतो. लावणारे लग्न लावतात, जेवणारे जेवून ढेकर देतात, आणि पाप पुसायला पगारी बाई असते. असा हा आपला सोहळा!

त्या दिवशी सकाळपासून काउंटरपाशी सटवाजी बसून होता. येलदरीकडचा माणूस, दरसाल बायको धुरपताबाईसोबत ऊसतोडीला जाणारा. त्याच्या अर्पिताचं लग्न नुकतंच झालं होतं. अर्पिता नववीत. मांडवपरतणीला माहेरी आलेल्या त्या पोरीला कायमची न्यायला दुपारी सासरची जीप येणार होती, आणि सोयऱ्यांनी बजावलं होतं, पोरीसोबत अल्बमचे फोटो आलेच पाहिजेत.

काम झालं की कच्चे फोटो उडवून टाकायचे, हा स्टुडिओचा नेम. त्रिवेणी तेच करायला बसली आणि घाईत कच्च्याऐवजी अर्पिताच्या नावाचं अख्खं फोल्डरच उडवून बसली. तयार फोटोही त्यातच होते. तिनं कॉम्प्युटरचं रिसायकल बिन उघडलं. रिकामं!

"अण्णा, घात झाला. अर्पिताचं समदं उडालं."

"आगं बया! आन् सोयरे दारात येऊन बसतेल त्याचं काय?" अण्णा ओरडले.

सटवाजीचा चेहरा खर्रकन उतरला. "फोटूबिगर ते पोरीला नांदवतेल का न्हाई ओ, ताई?"

त्रिवेणीनं सर्व्हर बसवून देणाऱ्या परभणीच्या सिद्धोधनला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "घाबरू नका ताई. सर्व्हरवरचं उडवलं की ते तुमच्या मशीनच्या बिनमध्ये येत नसतं. सर्व्हरची स्वतःची वेगळी कचराकुंडी असते, लपलेली. मी सांगतो तशी उघडा. कुणी रिकामी केली नसेल, तर बसवल्यापासूनचं सगळं तिथंच पडलेलं असेल."

"ती हाय हेच आमाला ठाऊक न्हवतं. रिकामी कोण करतंय?"

कचराकुंडी उघडली. अर्पिताचं फोल्डर जसंच्या तसं सापडलं. "महादेवा, अब्रू राखलीस रे," म्हणत अण्णांनी कपाळावरचा घाम पुसला. सटवाजीनं हात जोडले.

त्रिवेणी मात्र माऊसनं खाली खाली सरकत गेली. अर्पिताच्या फोल्डरखाली आजवर उडवलेले सगळे कच्चे फोटो पडले होते, लग्नामागून लग्न. एकेक पोर तिनं सुटी सुटी पाहिली होती, सुधारली होती आणि विसरून गेली होती. आज सगळ्याजणी एकदम समोर आल्या. एक पाटावर उभी, एक दोन विटांवर, एक पालथ्या घमेल्यावर. एक मुंडावळ्यांखाली पेंगलेली. एकीच्या बारीक मनगटावरून हिरवा चुडा घसरू नये म्हणून दोऱ्यानं बांधलेला. तो दोरा त्रिवेणीनंच सफाईनं पुसला होता.

"आई गं," ती पुटपुटली. तिला स्वतःच्या बोटांची किळस आली.

सटवाजी काउंटरमागं येऊन उभा राहिला. पडद्यावर आता अर्पिताचा कच्चा फोटो होता. त्यानं वाकून तोंड पडद्याजवळ नेलं. "ह्यात लयच बारकी दिसायलीय आमची अर्पी."

"दिसायली न्हाई, मामा. हायच ती बारकी."

सटवाजीनं मान फिरवली. "ते मोठे केलेले फोटू द्या, ताई. जीप यायचा टाइम झालाय."

तयार फोटो समोरच होते. पेनड्राइव्हवर टाकायचे, एवढंच. त्रिवेणीनं हात मांडीवर घेतले. "न्हाई देणार."

"मी काय हौस म्हणून दिली का पोरगी?" सटवाजीचा आवाज फुटला. "आमी दोघं दिवाळीनंतर तोडीला जातो. तिला फडावरच्या झोपडीत, कोपीवर न्यावी तर रातभर डोळ्याला डोळा लागत न्हाई. घरी ठिवावी तर कुणाच्या जिवावर? सांगा तुमी!"

त्याची भीती खोटी नव्हती. मग ती हळूच म्हणाली, "शाळेचं वसतिगृह असतंय का ते आपण इचारू, मामा. मी येते संगं. पर लेकराची भीती वाटती म्हणून तिला परक्याच्या बिछान्यात लोटायचं, हे कसलं राखणं?"

"तिरवेणे, लय शाणपणा करू नको," अण्णा खेकसले. "आपला धंदा फोटूचा. लगीन आपण लावलं का?"

"लावलं न्हाई, अण्णा. झाकलं."

"ती कचराकुंडी आदी रिकामी कर. आत्ताच्या आत्ता!"

त्रिवेणी उठली, सर्व्हरच्या कपाटाला पाठ लावून उभी राहिली आणि तिथूनच तिनं १०९८ ला, लेकरांच्या हेल्पलाइनला फोन केला. मुलीचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, जीप दुपारी निघणार हेही सांगितलं. पोरीला आधीच जीपमध्ये बसवून द्यायला सटवाजी चप्पल न घालताच रस्त्याकडं धावला. अण्णांनी तिला पोटभर शिव्या दिल्या; पण चार लोकांदेखत बाईमाणसाला हात लावून बाजूला करायची त्यांची हिंमत झाली नाही. पोलीस येईस्तोवर ती तिथून हलली नाही.

पोलिसांनी जीप जिंतूरच्या अलीकडं अडवली. खाली उतरताच अर्पितानं विचारलं, "माझ्या आईला धरून नेतेल का?" तिला परभणीच्या बालगृहात ठेवलं. दुसऱ्या दिवशी धुरपताबाई त्रिवेणीच्या दारात येऊन छाती बडवत ओरडली, "तुझं तळपट हुईल गं! माय जिती असताना लेकरू माझं अनाथात घातलंस!" शेजारपाजार जमला. अण्णांनी तिला कामावरून काढलंच होतं.

आठवड्याच्या आत तिला परभणीला जबाबासाठी बोलावलं. पोलिसांनी सर्व्हरवरून काढून आणलेले ते सगळे फोटो बालकल्याण समितीच्या मॅडमपुढं होते. मॅडमनी चष्मा काढला. "अर्पिता वाचली, चांगलं झालं. पण या जुन्या मुलींचीही चौकशी करा, असा हट्ट तुम्ही का धरताय? यातल्या बऱ्याचजणी आता अठराच्या पुढं गेल्या असतील."

त्रिवेणीनं एका फोटोवर बोट ठेवलं. विटांवर उभी राहिलेली एक पोर, तोल जाऊ नये म्हणून नवऱ्याचा शेला घट्ट धरलेली.

"ही राजेश्री. ही अठराची झालीच न्हाई, मॅडम. पयल्याच बाळंतपणात गेली. तेराव्याला हार घालायला सासरच्यांना फोटो पायजे होता, तर त्येंनी आमच्याच अल्बममधला मोठा करून नेला. मीच छापून दिला. त्यात ती चांगली बावीस-तेवीसची दिसती." तिनं पदर तोंडाला लावला. "तेराव्याला आलेल्या बाया त्यो फोटो बघून म्हणल्या, बिचारी भरल्या संसारातून गेली."