बुटक्यांना पट्टी नसते

माझा दादा दोन ठिकाणी मालक आहे. एक आमची लॉन्ड्री आणि दुसरं त्याच्या कॉम्प्युटरवरच्या गेममधलं भुयार. लॉन्ड्रीत तो लक्ष घालतो, भुयारात जीव.

भुयाराचा कारभार मोठा. तिथं राक्षस राहतात. त्यांच्यासाठी खोल्या खणायच्या, त्यांना खाऊपिऊ घालायचं, तालमीला पाठवायचं आणि चिलखत घातलेले सज्जन लोक वरून लुटायला आले की त्यांच्या अंगावर सोडायचं. हे सगळं एकाच वेळी चालू असतं. आधी आपली पाळी, मग समोरच्याची, असला सुटसुटीत प्रकार नाही. त्यामुळे दादाला मान वर करायची फुरसत नसते आणि काउंटरवरून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला वाटतं, केवढा कामसू माणूस.

प्रत्येक राक्षसाच्या डोक्यावर एक पट्टी असते. हिरवी म्हणजे स्वारी खूश, पिवळी म्हणजे कुरकुर सुरू, लाल म्हणजे गाशा गुंडाळायची तयारी. "एकदा लाल होऊन दाराकडे निघाला ना, की काही उपयोग नसतो," दादानं मला समजावलं होतं, तेही इतकं हळहळत की जवळचं कुणी गेलंय असं वाटावं. "आधीच ओळखावं लागतं."

या थोर शिकवणुकीतून आमच्या भिंतीवर पांढरा फळा आला. इस्त्रीवाल्या मावशी, धुलाईकाका, गाडीवाला, प्रत्येकाच्या नावापुढे एक रंगीत चुंबक. रोज सकाळी दादा एकेकापाशी जाऊन "कसं वाटतंय?" असं विचारतो आणि त्याप्रमाणे चुंबक लावतो. मावशी पिवळ्या झाल्या, त्यांना पायाखाली जाड रबरी चटई मिळाली. काका पिवळे झाले, त्यांना नवा पंखा. गाडीवाला पक्का, तो नेमका शनिवारी पिवळा होतो आणि अर्ध्या दिवसाची सुट्टी पदरात पाडून हिरवा होतो. हसण्यासारखं आहे, पण खोटं कशाला बोलू, माणसं टिकली. दादाला ती मनापासून जपावीशी वाटतात. राक्षसांनी त्याला माणसात आणलं म्हणायचं.

चुंबकं मी विकत आणली. फळा मी पुसते. माझं नाव त्याच्यावर नाही. एकदा विचारलं तर दादा म्हणाला, "तू काय, घरची."

भुयारातही घरचे असतात. त्यांना बुटके म्हणतात. खणायचं, ओझी ओढायची, जखमी राक्षसांना उचलून आणायचं, मोडलेली दारं बसवायची. त्यांच्या डोक्यावर पट्टी नसते. "यांना मूडच नसतो," दादा कौतुकानं म्हणाला होता. "कुठं जात नाहीत. फार तर एक टपली मारायची, मग दुप्पट पळतात."

आमच्याकडे एका नाटक कंपनीचे कपडे येतात. नकली रक्त, मेणाचे डाग, कॉलरवर बसलेला रंगाचा थर, हे सगळं मी काढते. त्यांचा कपडेपट सांभाळणाऱ्या बाई आता काम सोडतायत आणि त्यांनी आपल्या जागी माझं नाव सुचवलं. कंपनीबरोबर दौऱ्यावर जायचं, गावोगाव फिरायचं. आज दुकान बंद व्हायच्या आत उत्तर हवं होतं. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की सकाळपासून एकाच शर्टाची मी तीनदा घडी घातली. पण दादाला न सांगता हो म्हणवेना. आई गेल्यापासून आम्ही दोघंच आहोत. तो रागावला तर मी ऐकून घेतलं असतं. तो दुखावला तर काय, हे मला माहीत नव्हतं.

सकाळी म्हटलं, "दादा, बोलायचं होतं."

"थांब गं, हल्ला आलाय."

दुपारी पुन्हा गेले. "दोनच मिनिटं."

"अगं, हा गेम थांबवता येत नाही. जरा नजर हटली की राज्य गेलं."

राज्य जायला नको म्हणून मी गप्प बसले. तेवढ्यात मोठ्या हॉटेलचा फोन आला. दादानं एक बटण दाबलं आणि राक्षस, सज्जन, ज्वाळा, सगळे जागच्या जागी थिजले. टॉवेलांविषयी सविस्तर बोलणं झालं. मग पुन्हा बटण, पुन्हा लढाई.

मला वाईट वाटलं. रडूही आलं. मागे जाऊन मी चादरींच्या घड्या घालत रडले, कारण बुटके रडतानाही रिकामे बसत नाहीत. मग डोळे पुसले, फळ्यावर सगळ्यांच्या खाली 'धाकटी' असं लिहिलं आणि पुढे लाल चुंबक लावलं. मावशींनी ते पाहिलं आणि इस्त्री उभी करून ठेवली.

संध्याकाळी दादानं सवयीनं फळ्यावर नजर टाकली.

"हे लाल कुणाचं?"

"माझं."

त्यानं जरा विचार केला. "पंखा हवाय?"

"नको."

"खुर्ची बदलू या का? सांगायचं ना मग. एक मिनिट हं, दार फोडतायत ते..."

मी वाकले आणि ते बटण दाबलं. सगळं थिजलं, दादासकट. मग मी सांगून टाकलं: कपडेपट, दौरा, आजच द्यायचं उत्तर.

दादा उठला. फळ्यापाशी गेला, माझं लाल चुंबक काढलं, हिरवं लावलं आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

"असं नाही होत, दादा."

"माहितेय," तो म्हणाला. हिरवं काढून त्यानं लाल पुन्हा जागेवर ठेवलं आणि ते नीट सरळ केलं. "आधीच ओळखावं लागतं."

मी त्याच्यासमोरच फोन लावला आणि हो म्हणून सांगितलं. तो ऐकत होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, "दुकान बंद करायच्या किल्ल्या कुठं असतात?"

"तुझ्या खुर्चीमागं. खिळ्याला."

तो वळला आणि त्या खिळ्याकडे बघत राहिला.