डावीकडची जागा

शिशाचा गोळा बादलीत पडायचा सोडून वर उडाला, वहिनींच्या वाळत घातलेल्या उशीच्या अभ्र्यात शिरला आणि तिथेच झोके घेत राहिला.

"अगं, मासा धरायचाय की माझी उशी?" वहिनी पायरीवर मटार सोलत बसल्या होत्या. मान वर न करताच त्यांनी विचारलं.

"हात चुकला हो."

"हात बरोबर होता. घाई केलीस. काठी कपाळाच्या पुढे आली की दोऱ्यावरचं बोट सोडायचं. तू कानाशीच सोडलंस, मग गोळा आभाळात नाही जाणार तर काय करणार?"

तिने काठी भिंतीला टेकवली, अभ्र्यातून गोळा काढला आणि दोऱ्याला पडलेला पीळ सोडवत बसली. डावा खांदा ठणकत होता. या हाताने आयुष्यभर एकच काम केलं होतं. इस्त्री उजव्या हातात, आणि डाव्याने फक्त पुढची सुरकुती ताणून धरायची. तिच्या दुकानात रोज शर्टांचा ढीग पडे, आणि त्या ढिगातल्या एकाही शर्टाला डाव्या हाताच्या हुशारीची गरज कधी पडली नव्हती. आता त्याच हाताला ती म्हणत होती की काठी धर, मागे ने, पुढे झोक आणि नेमक्या क्षणी बोट सोड. हात बिचारा शाळेत उशिरा नाव घातलेल्या पोरासारखा बावरून जाई.

काठी वहिनींच्या यजमानांची होती. सगळी गल्ली त्यांना डावरा म्हणे, आणि तेही त्या नावाला ओ देत. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं सलून होतं. नव्या गिऱ्हाइकाला वस्तरा भलत्याच बाजूने येताना दिसला की ते खुर्चीत ताठ होई. पण एकदा मान दिलेला माणूस पुन्हा दुसऱ्या सलूनची पायरी चढत नसे. सलूनला लागूनच तिच्या नवऱ्याचं किल्ल्या-कुलुपांचं दुकान. दर रविवारी सकाळी दोघे धक्क्यावर जाऊन होडी काढायचे. होडी लहान, मधली फळी एकच. त्या फळीवर डावरा डावीकडे आणि कुलूपवाला उजवीकडे. एकाची काठी डाव्या खांद्यावरून जाई, दुसऱ्याची उजव्या. दोन दोरे दोन दिशांना पाण्यात उतरत आणि इतक्या वर्षांत एकमेकांना शिवले नाहीत. बोलणं मात्र फार व्हायचं नाही. "काय बोलता हो तासन्‌तास?" असं तिने एकदा विचारलं होतं. नवऱ्याने बराच विचार केला आणि म्हणाला, "परवा तो 'ढग आलेत' म्हणाला होता."

हिवाळा सरता सरता डावरा गेला. झोपेतच. तेव्हापासून होडी धक्क्यावर पालथी पडून होती.

नवरा रडला नाही, चिडला नाही. दुकानात जाई, किल्ल्या घासे, घरी येऊन खिडकीकडे पाठ करून बसे. त्या खिडकीतून पाणी दिसायचं. एकदा ती भाजीत मीठ घालायला विसरली आणि तो मुकाट जेवून उठला. तेव्हा मात्र ती घाबरली. भाजीवर टीका केल्याशिवाय हा माणूस कधी ताटावरून उठलेला तिला आठवत नव्हता.

"दुसऱ्या कुणाला तरी घेऊन जा ना होडीत," ती म्हणाली.

"कुणाला? तुझ्या भावाला?"

भावाचा विषय निघाला की तिला गप्प बसावं लागे. डावऱ्याला ताप आला होता त्या एका रविवारी भाऊ होडीत बसला होता. उजव्या हाताचा माणूस डावीकडच्या जागेवर. पहिल्याच फेकीत त्याचा गळ तिच्या नवऱ्याच्या कानाला लागला आणि टोपी घेऊन पाण्यात गेला. टोपी मिळाली नाही. कानावर अजून खूण होती.

"डावीकडे डावराच लागतो," नवरा कान चोळत म्हणाला. "उगाच नाही म्हणत मी."

आता ही खरी अडचण होती की सबब, ते तिला ठरवता येईना. पण सबब असली तरी ती एवढी एकच होती. एकच कुलूप असेल तर त्याची किल्ली घडवून बघायला काय हरकत आहे, असं कुलूपवाल्याच्या बायकोला वाटणारच. दुसऱ्या दिवशी दुपारी इस्त्री थंड करून ती वहिनींच्या दारात उभी राहिली.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग आत जाऊन काठी आणली. तिच्यावरची धूळ पदराने पुसताना त्यांचा हात मुठीपाशी जरा रेंगाळला.

"मला येत नाही टाकता," त्या म्हणाल्या, "पण टाकताना बघितलंय जन्मभर. अंगणातच सराव करायचे ना. चुकलीस तर कळेल मला."

मग त्यांना एक युक्ती सुचली. सलून बंद केल्यावर तिथला मोठा आरसा घरी आणून मागच्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवला होता. त्यांनी तिला आरशासमोर उभं केलं.

"आधी उजव्या हाताने शीक."

"उजव्याने कशाला? मला डावा हवाय."

"उजवा शहाणा आहे, लवकर शिकेल. तो शिकला की आरशात बघ. तिथली बाई डावरी असेल. मग तिची नक्कल कर. नवीन पोरगा कामाला ठेवला की हे असंच शिकवायचे. स्वतः डावरे, पोरगा उजवा. आरशात बघ म्हणायचे, म्हणजे जमेल."

उजवा हात खरोखरच शहाणा निघाला. थोड्याच दिवसांत गोळा बादलीत टणकन वाजायला लागला. आरशातली डावरी बाईही छान टाकत होती. ऐटबाज दिसत होती चक्क. पण काठी डाव्या हातात घेतली की सगळी ऐट संपे. गोळा कधी पायाशी पडे, कधी अभ्र्यात, आणि एकदा कुंपणापलीकडे शेजाऱ्यांच्या मांजराशेजारी. मांजर त्यानंतर या अंगणाकडे फिरकलं नाही.

घरी तिने डाव्या हाताला कामं लावून दिली. डाव्याने कुलूप उघडायचं, चहा ढवळायचा, केस विंचरायचे. डाव्या हाताने इस्त्री करायला गेली तेव्हा डॉक्टरांच्या शर्टाची कॉलर पिवळी पडली आणि तिला तो प्रयोग थांबवावा लागला. खांदा रात्रंदिवस बोले. नवरा सकाळी फिरायला गेला की ती घाईघाईने मलम चोळून घेई आणि बाटली होती तशी फळीवर ठेवी. फिरण्याचं हे खूळ त्याने नुकतंच घेतलं होतं. निदान घराबाहेर पडतो, एवढ्यावर ती समाधानी होती. बाटली मात्र फारच भराभर उतरत होती. आपण चोळतो तरी किती, असं मनात येऊन तिने बोटाला कमी मलम घ्यायला सुरुवात केली. बाटली तरीही उतरतच राहिली.

अंगणातली बादलीही विचित्र वागे. दुपारी ती जिथे ठेवून जाई त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी ती थोडी लांबच सापडे.

"वहिनी, ही बादली कोण सरकवतं?"

"मांजर."

"मांजर येतच नाही आता."

"मग वारा असेल. टाक तू."

लोखंडी बादली वाऱ्याने सरकत नाही हे तिला कळत होतं. पण वहिनी अलीकडे गालात हसायला लागल्या होत्या आणि ते हसू तिला मोडायचं नव्हतं. म्हातारी आपल्याला पुढे ढकलतेय, असं समजून ती लांबच्या बादलीवर नेम धरी.

आणि एके दुपारी काठी कपाळाच्या पुढे आली, बोट आपसूक सुटलं, आणि गोळा बादलीत वाजला. ती आरशाकडे वळली. तिथे एक उजव्या हाताची बाई तोंड उघडं टाकून उभी होती.

"आता विचार त्यांना," वहिनी म्हणाल्या.

विचारण्याची तिने मोठी तयारी केली होती. तो नाही म्हणेल, मग आपण असं म्हणायचं. तो कान चोळेल, मग आपण तसं म्हणायचं. जेवताना तिने सुरुवात केली.

"अहो, रविवारी मला होडीतून न्याल का?"

"नेतो की," तो म्हणाला. "भाजीत मीठ जास्त झालंय."

एवढंच. तयार ठेवलेली सगळी वाक्यं घशात तशीच राहिली. तिने पाण्याचा घोट घेतला आणि त्यांच्याबरोबर तो मिठाचा शेराही गिळला. शेरा चवदार लागला.

रविवारी सकाळी ती दोघं धक्क्यावर पोचली तेव्हा होडी सरळ होऊन पाण्यात डुलत होती. फटी बुजवलेल्या, फळी नव्याने रंगवलेली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो वल्ही अडकवण्यात गर्क होता. त्याची जुनी काठी होडीत उजव्या कडेला ठेवलेली होती. वहिनी धक्क्याच्या पायरीवर अगोदरच येऊन उभ्या होत्या, डावऱ्याची काठी घेऊन. तसंच ठरलं होतं. निदान तिच्याशी तरी तसं ठरलं होतं.

"घ्या," वहिनींनी काठी पुढे केली.

तिने डावा हात पुढे केला. त्याच वेळी शेजारून आणखी एक डावा हात पुढे आला आणि दोघांनी काठी एकदमच धरली.

मग वहिनी मटकन पायरीवर बसल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. रडतात की काय म्हणून ती घाबरून वाकली, तर खांदे हसण्याने हलत होते.

"मला नका बघू असं," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "दोघांनीही शपथ घातली होती मला. सकाळी तुझे हे यायचे, दुपारी तू. माझे हाल कुणी विचारले? बादली परत जागेवर ठेवायलासुद्धा विसरायचे हे!"

"तुम्ही?" ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्हाला कशाला हवा डावा हात? डावीकडे मी बसणार होते. तुम्हीच म्हणाला होतात ना, डावीकडे डावरा लागतो म्हणून. खांदा मोडून घेतला मी!"

तो काठीच्या मुठीकडे बघत राहिला. हात सोडला नाही.

"तू कशी बसणार तिथे," तो म्हणाला. "शेजारी नजर गेली की तिथे कुणीतरी दिसणार. तू असलीस तरी..." त्याने वाक्य सोडून दिलं आणि पुन्हा धरलं. "म्हटलं, आपणच बसावं तिथे. म्हणजे ती जागा बघावी लागत नाही. माझी जागा रिकामी होईल, तिथे तू बस. ती उजव्या हाताची आहे. तुला सोपी जाईल."

खाली होडी धक्क्याला हलकेच थडकत होती. तिला पुष्कळ बोलायचं होतं: कॉलरीबद्दल, मांजराबद्दल, ठणकणाऱ्या खांद्याबद्दल. तिने काठीवरची बोटं एकेक करून सोडवली.

"चला मग," ती म्हणाली. "ऊन चढेल."

तो डावीकडे बसला. बसताना फळीवर हात फिरवला, कुणी बसायच्या आधी जागा झटकतं तसा. ती उजवीकडे बसली. इतकी वर्षं ज्या जागेची कौतुकं ऐकली, तिथून पाणी काही फार वेगळं दिसत नव्हतं. फक्त बरंच जास्त होतं. धक्क्यावर वहिनी लहान होत गेल्या. मग त्याने वल्ही आत घेतली.

आधी त्याने टाकला. डाव्या खांद्यावरून, जरा अवघडून, ओठ दाबून. गळ जवळच पडला. त्याचा कान लाल झाला होता. खूण असलेला.

तिने त्याची जुनी काठी उजव्या हातात घेतली. शहाण्या हाताला काहीच सांगावं लागलं नाही. काठी कपाळाच्या पुढे आली, बोट सुटलं, आणि दोरा सुंईकन लांब जाऊन पाण्यात उतरला. त्याच्या गळापेक्षा पुष्कळच लांब.

त्याने वळून तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या हाताकडे.

"हासुद्धा?"

"आधी हाच शिकवला वहिनींनी."

तो पाण्याकडे बघत राहिला. दोन दोरे दोन दिशांना उतरले होते, एकमेकांपासून लांब. तो म्हणाला, "मग परतताना जागा बदलून बघू. थोडा वेळ."

"बघू," ती म्हणाली.

त्याचा उजवा हात नकळत डाव्या खांद्यावर गेला. तिने पिशवीतून मलमाची बाटली काढून त्याच्यापुढे धरली. त्याने ती उजेडात धरून पाहिली. तळाशी जेमतेम दोघांना पुरेल एवढं उरलं होतं.

"उद्या नवी आणते," ती म्हणाली.

"मोठी आण," तो म्हणाला, आणि मग वर बघून, "ढग आलेत."