बिघाडांची वही

ताईला बासष्टच्या बासष्ट प्रश्न तोंडपाठ होते, आणि तरीही तीन कंपन्यांनी तिला नको म्हटलं होतं. 'सॉफ्टवेअरच्या मुलाखतीत हमखास विचारले जाणारे प्रश्न' अशी एक यादी तिने इंटरनेटवरून उतरवून घेतली होती, त्यातले हे बासष्ट. डेव्हलपरचे वेगळे, टेस्टरचे वेगळे. डेव्हलपर म्हणजे प्रोग्रॅम लिहिणारा, आणि टेस्टर म्हणजे तो लोकांच्या हाती पडायच्या आत त्यातल्या चुका शोधून डेव्हलपरच्या शिव्या खाणारा. ताईने नऊ वर्षं टेस्टरचं काम केलं होतं. मग एक दिवस राजीनामा दिला, आणि त्याला आता चौदा महिने होत आले होते.

तिला जगात कोणी ताई म्हणायचं कारण नव्हतं, धाकट्या भावाशिवाय. पण त्याचं ऐकून आईवडीलही ताईच म्हणायला लागले. पुढे भाऊ दुसऱ्या शहरात गेला, आई राहिली नाही, ताई हे नाव मात्र राहिलं. घरात आता ती आणि बाबा दोघंच. बाबा लिफ्ट मेकॅनिक. निवृत्त म्हणायचे एवढंच. अजूनही कोणाकडे गेले की आधी तिथल्या लिफ्टचा आवाज ऐकायचे आणि मग यजमानांची तब्येत विचारायचे.

चौथी मुलाखत गुरुवारी होती. सोमवारी सकाळी बाबांनी चष्मा चढवला, यादी हातात घेतली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी परीक्षक होऊन बसले.

"सिव्हिअरिटी आणि प्रायॉरिटी यांत फरक काय?"

"बिघाड किती गंभीर आहे ती सिव्हिअरिटी. तो किती लवकर दुरुस्त करायचा ती प्रायॉरिटी," ताई भाजी चिरता चिरता म्हणाली. "कंपनीचं नाव पहिल्याच पानावर चुकलं, तर बिघाड किरकोळ, पण घाई मोठी."

"हे सगळं इथे छापलंय. शब्दन् शब्द. तुझं स्वतःचं उदाहरण दे."

"यादीतलंच विचारतात हो बाबा."

"मग तिघांनी का नाही घेतलं?"

ताईने सगळा राग भाजीवर काढला. बाबांनी पान उलटलं आणि एकदम ताठ बसले.

"लिफ्टची तपासणी कशी कराल? हे खरंच विचारतात?"

"हो. डोकं कसं चालतं ते बघायला. पेन, लिफ्ट, पाण्याची बाटली, काहीही विचारतात. प्रत्येक मजल्याचं बटण दाबून बघायचं, दार उघडतं-मिटतं का बघायचं, वजन वाढवत न्यायचं, वीज घालवून बघायची."

"आणि माणूस?" बाबांचा आवाज चढला. "आत अडकलेला माणूस घाबरून कुठलं बटण दाबेल, आणि दाबलं तर ते ऐकायला खाली कोणी बसलंय का, ते कुठाय यात? ही यादी लिहिणारा जन्मात कधी लिफ्टमध्ये अडकलेला नाही!" चाळीस वर्षांच्या धंद्याचा कोणी चार ओळींत निकाल लावला की माणूस असाच भडकतो. पाणी पिऊन ते जरा निवले. "बरं, पुढचा. तपासणी पुरी झाली, हे कधी ठरवाल?"

ताईने उत्तर घडाघडा म्हणून दाखवलं. बाबांनी मान हलवली.

"मी सही करायच्या आधी हत्यारांची पेटी बाहेर ठेवायचो आणि एकटा आत बसायचो. खालून वर, वरून खाली. मी बसलो, म्हणजे दुसऱ्याने बसायला हरकत नाही. मगच सही."

ताईची सुरी थांबली. चौदा महिने ती जे गिळून बसली होती, ते त्या एका वाक्याने वर आलं.

"मी न बसता सही केली बाबा," ती म्हणाली.

रुग्णालयाच्या वेळा कळवणारं ॲप होतं. वेळ बदलली की रुग्णाला मोबाइलवर निरोप जायचा. ताईने वीस वेळा करून पाहिलं, एकोणीस वेळा गेला, एकदा गेला नाही. डेव्हलपर म्हणाला, माझ्याकडे तर चालतंय. मॅनेजर म्हणाले, बाकीचं उद्या बघू, आत्ता तपासणी पुरी झाल्याची सही कर. तिने केली. दुसऱ्या दिवशी दोनशे लोकांना निरोप गेलाच नाही. त्यांतले एक म्हातारे गृहस्थ रक्ततपासणीसाठी सकाळी सातपासून दुपारपर्यंत उपाशीपोटी बाकावर बसून राहिले आणि तिथेच चक्कर येऊन पडले. ते वाचले. ताईला कोणी काढलंही नाही. तिचं तिलाच तिथे बसवेना.

"आणि मुलाखतीत काय सांगतेस? नोकरी का सोडली म्हणून?"

ताईने मान खाली घातली. "वडिलांची तब्येत."

"माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय?" बाबा खुर्चीतून उठलेच. "म्हणजे तीन कंपन्यांत मी आजारी आहे?"

"एका ठिकाणी तर ऑपरेशनही झालंय तुमचं."

दोघंही हसली, आणि हसता हसता ताईचे डोळे भरून आले. बाबा पुन्हा बसले. यादी त्यांनी पालथी घातली.

"हे बघ. प्रत्येक लिफ्टची एक वही असते, बिघाडांची. कधी बंद पडली, काय झालं, कोणी दुरुस्त केली. तीन वर्षांत एकही नोंद नाही अशी वही दिसली, की ती लिफ्ट मी आधी खोलायचो. एक तर ती कोणी वापरत नाही, नाहीतर कोणीतरी लपवतंय. आणि तू चौदा महिन्यांचं कोरं पान घेऊन फिरतेस. तुझ्या लिफ्टमध्ये बसायचं कोणी?"

"सांगितलं तर दारातूनच परत पाठवतील."

"पाठवू देत. आत्ता तरी कुठे ठेवून घेतायत?"

गुरुवारी ताई यादी घरीच ठेवून निघाली, बाबा सोबतीला.

समोर दोघं होती. एक तरुण डेव्हलपर, प्रश्न विचारणारा. आणि टेस्टिंग विभागाच्या प्रमुख असलेल्या एक बाई, पिकल्या केसांच्या, नुसत्या ऐकणाऱ्या. अर्धा तास सरळ गेला. मग तरुणाने विचारलं, "नोकरी का सोडलीत?"

वडिलांची तब्येत जिभेवर तयार होती. ताईने ती परत आत ढकलली आणि वीस निरोपांपासून बाकावरच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळं सांगितलं. मध्ये कुठेही थांबली नाही.

"समजा आज तशीच वेळ आली," तरुण म्हणाला. "मॅनेजर म्हणतायत सही करा."

"नाही करणार."

"त्यांच्या वरचे साहेब म्हणाले तर?"

"त्यांना म्हणेन, सही तुम्ही करा. मला काय दिसलं ते मी खाली लिहून ठेवते."

"नोकरी गेली तर?"

"चौदा महिने घरी बसून पाहिलंय. ते जमतं," ताई म्हणाली. "त्या म्हाताऱ्यांना विसरायचं जमत नाही."

तरुणाने लॅपटॉप मिटला. "तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?"

हा यादीतला बासष्टावा. छापील उत्तर होतं, 'आपल्याकडे शिकण्याची संधी कशी आहे?' ताईने पर्स उचलली होती, ती परत मांडीवर ठेवली.

"तुमच्याकडचा शेवटचा मोठा बिघाड कोणता? आणि सही कोणाची होती?"

तरुणाने चमकून शेजारी पाहिलं. ताईला वाटलं, संपलं. पण भीती नव्हती. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच नव्हती.

"माझी," बाई म्हणाल्या. त्यांनी कपाटातून एक फाइल काढली आणि टेबलावर उघडून ताईकडे फिरवली. "गेल्या वर्षीचा. सांगते, बसा."

बाबा खाली लिफ्टपाशी उभे होते, बंद दाराला कान लावून. पहारेकरी त्यांच्याकडे संशयाने बघत होता. दार उघडलं आणि ताई बाहेर आली.

"काय झालं?"

"सोमवारपासून या म्हणाल्या. पण बाबा, त्यांच्याकडेही गेल्या वर्षी मोठा बिघाड झालाय."

"लिहून ठेवलाय?"

"सगळा. सहीसकट."

बाबांनी चष्मा काढून पुसला, परत चढवला, आणि वर, ती जिथून आली होती त्या मजल्याकडे पाहिलं.

"मग बस त्यांच्या लिफ्टमध्ये."